दर किती दिवसांनी

जेसंगभाईंना विचारलं तर ते आकडा सांगत नाहीत.
पेडल उलटं फिरवतात, मान कलती करतात,
"चेन बोले छे, बेन," म्हणतात
आणि पंक्चरची ट्यूब पुन्हा पाण्यात दाबतात.
दांडिया बाजारातल्या त्या एका वाक्यावर
मी एकतीस वर्षं सायकल चालवली.

बोलली की तेल द्यायचं.
घरोघरचे गॅसमीटर वाचत फिरायचे तेव्हा
वाडीतून निघाल्यावर पहिल्या वळणालाच कळायचं:
चिमणीच्या पिल्लासारखी चिरचिर, म्हणजे अजून दोन दिवस चालेल.
दाढेखाली खडा आल्यासारखी करकर, म्हणजे आजच, घरी गेल्या गेल्या.

नवखी होते तेव्हा फार घालायची.
शिवणमशीनच्या तेलाची अख्खी बाटली ओतली एकदा.
आठवड्याभरात विश्वामित्रीच्या पुलावरची धूळ
साखळीवर येऊन बसली, काळी, खळीसारखी,
आणि माझ्या पांढऱ्या सलवारीवर जो पट्टा उमटला
तो सलवार फाटली तरी गेला नाही.
जेसंगभाई हसले नाहीत. चिंधी दिली.
"तेल अंदर जोईए. बहार नै."
मग घासलेटात बुडवलेला जुना टूथब्रश,
मग कोरडं फडकं, मग कडीला एक थेंब,
एकशे बारा कड्या, मोजून,
मग चहा होईपर्यंत थांबायचं
आणि वरवरचं सगळं पुसून काढायचं,
दिलंच नव्हतं असं वाटेपर्यंत.

यंदा उत्तरायण झालं,
फ्रीव्हीलमध्ये गुंतलेला गुलाबी मांजा चिमट्यानं ओढून काढला,
आणि त्यानंतर साखळी बोललीच नाही.
होळीची राख उडाली, चैत्राची धूळ आली,
तरी हूं की चूं नाही.
मला वाटलं, साधलं एकदाचं.
तेलाची बाटली मी शेजारच्या मृदुलाला शिलाईला देऊन टाकली.

कारेलीबागेत सिग्नलला थांबले होते.
बाजूला रिक्षात शाळेची पोरं कोंबलेली.
त्यातला एक माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला.
काय रे?
पुन्हा म्हणाला.
काय?
तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलंच नाही.
खाली बोट दाखवलं
आणि दोन्ही कान दाबून धरले.

सिग्नल सुटल्यावर मी फूटपाथवर सायकल लावली
आणि साखळीला हात लावला.
बोटं गेरूत बुडवल्यासारखी निघाली.

रावपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरनं कागदावर
डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ दाखवली.
बारीक आवाज आधी जातात, म्हणाला.
म्हणजे पैंजण, म्हणजे डासाची गुणगुण,
म्हणजे माझी साखळी.
बाकीचं अजून बरंच आहे, असंही म्हणाला,
मोठ्यानं.

डोळ्यांत तेल घालून माणसं जागतात,
कानांत तेल ओतून निजतात.
साखळीच्या तेलाची म्हण कुणी केली नाही,
तिथे दरवेळी नव्यानंच विचारावं लागतं.

म्हणून आता कॅलेंडर.
दुधाच्या हिशेबाशेजारी, एक सोडून एक शनिवार,
लाल पेनानं नुसतं "ते".
पावसात भिजली तर त्याच रात्री, शनिवार न बघता.
मधल्या एखाद्या दिवशी शंका आली तर
हँडल सैल धरते, पेडल मारते,
तळहाताला खरखर लागते का बघते.
लागते कधी कधी.
कधी तो नुसता रस्ता असतो.

परवा न राहवून दुकानावर गेले.
विचारलं नाही काही.
जेसंगभाईंनी पेडल उलटं फिरवलं, मान कलती केली,
आणि मी पहिल्यांदाच साखळीकडे न बघता
त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले.
आठी पडली नाही.
ते काहीतरी बोललेही.
मी हो म्हटलं.