लहान मुलांच्या बाकांवर

इस्फाराच्या वर, खोऱ्यातल्या शाळेत,
रविवारी तिसरीच्या वर्गात बसलो आम्ही सतरा जणी,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
भिंतीवर पाढे. बाकावर कुणा पोराने कोरलेलं नाव.
मधोमध लोखंडी शेगडी, तिच्यावर किटली,
ती मात्र बिबिराजबच्या घरची.

सरकारी म्हणजे फर्रुखशो,
जिल्ह्याहून आलेला, कोवळ्या मिशांचा,
आमच्या चिखलाशी ओळख न झालेले त्याचे बूट,
लाल मुठीच्या कात्र्यांचं एक खोकं
(तीन दिवसांसाठी उसन्या, मोजून परत)
आणि एक अर्ज, प्रत्येकीला एक.

अर्जात पहिलाच रकाना: कुटुंबप्रमुख.
तिथेच अडली सगळ्यांची लेखणी,
चढणीला गाढव अडतं तशी.

ओयजमोलचा प्रमुख येकातेरिनबर्गला विटा चढवतो.
सावरीनिसोचा दोन हिवाळे नुसता फोनमध्ये राहतो,
तोही कधी लागतो, कधी नाही.
बिबिराजबचा टेकडीच्या उतारावर, दगडाखाली,
पण बागेचा कागद अजून त्याच्याच नावाने आहे.
माझा सुरगुतला, बर्फ उपसतो.
रात्री फोन करतो,
आधी झाडांची खुशाली, मग माझी.
उन्हाळाभर पाण्याची पाळी येते रात्री दोनला.
कंदील घेऊन पाटाचं तोंड मीच फोडते,
मीच बुजवते, टाचेने दाबून.
टाचेसाठी रकाना नव्हता.

फर्रुखशो म्हणाला, घरी फोन करून विचारून घ्या.
बिबिराजब म्हणाली, बाळा,
मला विचारायला टेकडीवर जावं लागेल,
आणि तो जिता होता तेव्हाही
पटकन उत्तर देत नसे.

हसू मागच्या बाकावर फुटलं
आणि पुढे येईपर्यंत त्याचे कान लाल.
मग म्हणाला, ठेवा कोरा.
कोरा म्हणजे हो की नाही,
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुपारी बागेत.
झाडाच्या पोटात ऊन जाऊ द्या, म्हणाला.
डोळ्याच्या वर बोटभर राखून तिरपा काप,
म्हणजे पाणी ओघळून जाईल, लाकूड सडणार नाही.
हे आम्हाला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.
इतकी वर्षं आम्ही जर्दाळू नुसते वेचले, वाळवले,
छपरांवर पसरले, गोमाश्या हाकलल्या.
झाडाला हात लावायचा तो पुरुषांनी.

पहिली फांदी मी कापली.
सासऱ्याचं झाड, नवऱ्याचा कागद, सरकारची कात्री,
मनगट तेवढं माझं,
आणि तेही लटपटत होतं.

खालची एक वाकडी फांदी तो कापायला गेला
तर सावरीनिसोने त्याची कोपर धरली.
ही नको.
हिचं तोंड खिंडीकडे. ही उशिरा फुलते.
मागे चैत्रात दहिवर पडलं, सगळा मोहोर काळा झाला,
तेव्हा घरात जे आलं ते हिचंच.
तो म्हणाला, पुस्तकात असं नाही.
मग लिही, ती म्हणाली.
तो उकिडवा बसला, गुडघ्यावर वही ठेवून,
आणि त्याने लिहिलं.

रात्री फोन आला. झाडं कशी आहेत?
कापली, म्हटलं.
पलीकडे फावड्याचा आवाज थांबला.
किती?
सहा.
बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाला, कशी कापायची असते?
मी सांगितलं: डोळा, बोटभर, तिरपा.
तिरपा, तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, तिरपा,
जणू कुणी शेजारी उभं होतं आणि त्याला समजावायचं होतं.

उद्या कात्र्या परत करायच्या.
सोळाच भरणार आहेत.
बिबिराजबच्या पिठाच्या डब्यात मी काही पाहिलेलं नाही.
तिच्या अर्जावर मात्र
शाईचा एक मोठा डाग आहे, पहिल्याच रकान्यात,
आणि डागाखाली काहीतरी लिहिलेलं आहे,
तिसरीच्या मुलाच्या अक्षरात.