ठ तेवढा शाबूत

माझा प्रेस मूळचा उसाचा चरक.
वडणग्याच्या गुऱ्हाळात तीस हंगाम रस काढून
भंगारात निघाला, तेव्हा
उद्यमनगरातल्या पांडबा लोहारांनी त्याचे दोन रूळ घासून दिले,
बाजूला जाडजूड चाक बसवलं
आणि विचारलं, "बाई, ह्यात आता काय पिळणार?"
कागद, म्हटलं.
ते बराच वेळ हसले.
पैसे मात्र कमी घेतले नाहीत.

अजून उन्हाळ्यात, वरचा पत्रा तापला की
रुळांच्या फटीतनं काकवीचा वास येतो.
किंवा मला तसं वाटतं.

सकाळी शाळा. आठवी ब. एकोणसाठ पोरं.
एलिमेंटरीच्या तयारीला तांब्या, मागं पडदा, पुढं दोन वांगी.
वांगी मी घरनं नेते
आणि संध्याकाळी तीच भाजते.
तोवर एकोणसाठ कागदांवर ती वांगी होऊन आलेली असतात,
एका कागदावर भोपळा.
भोपळ्याला मी मार्क जास्त दिले. का, ते विचारू नका.

शनिवारी ठसे.
लिनो परवडत नाही,
म्हणून सुभाषनगरातनं चपलांच्या सोलची कातरणं आणते, किलोवर.
पहिला धडा : आपलं नाव कोरा.
दुसरा धडा मी सांगत नाही,
कागद उचलला की तो आपोआप होतो.

"बाई, माझं नाव फिरलं!"
इर्शाद शिकलगार बाकावर उभा,
आणि मग वर्गभर उलट्या नावांचा बाजार,
खिडकीच्या काचेला कागद लावून
जो तो स्वतःला मागनं वाचतोय.
राठोडचा ठ तेवढा शाबूत.
इकडनं ठ, तिकडनं ठ.
त्या दिवशी राठोड जरा ताठ चालत घरी गेला.

माझ्या पटाश्यांना इर्शादचा आजा धार लावतो.
सायकल स्टँडवर, पायडल मारत, ठिणग्या लुंगीवर.
नखावर पातं टेकवून बघतो, म्हणतो,
"गेल्या दिवाळीपेक्षा दोन सूत झिजलंय. काम हाय म्हणायचं."
मुंबईच्या प्रदर्शनात लोक माझ्या चित्रांपुढं
ग्लास धरून पुष्कळ बोलले होते.
दोन सूत कुणी मोजलं नव्हतं.

रात्री जेवणं आवरली की मी म्हैस काढते.
गंगावेशीच्या कट्ट्यावर धार काढताना उभी असते तीच,
पाठीवर दिव्याचा एक चट्टा.
म्हैस कोरायची नसते, हे कळायला मला सहा वर्षं लागली.
कोरायचं तिच्याभोवतीचं :
बादली, माणसं, ग्लासातला फेस, गोठ्याची भिंत.
नको ते सगळं उकरून टाकलं
की उरते ती, न हललेली, काळी.

दहा प्रती दोरीवर वाळत होत्या. वन्सं आल्या होत्या.
चष्मा पुसून एकेक बघितली,
मग म्हणाल्या, "छान आहे गं. यातली खरी कुठली?"
मी ठोकळा दाखवला.
"ही तर उलटी," त्या म्हणाल्या
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दहा झाल्या की ठोकळ्यावर रेघ ओढायची रीत आहे,
अकरावी निघू नये म्हणून.
माझ्या खाटेखाली रेघ न ओढलेल्या चौदा म्हशी आहेत.

सोमवारी इर्शादनं दुसरा ठसा आणला,
सुलटा, नीट, कडा साफ केलेला.
पहिला कुठाय, विचारलं.
"आजानं चाकावर चिकटवलाय.
मी म्हटलं, उलटा हाय त्यो.
तर म्हणतो, मला दोन्हीबी सारकंच."

आज सहाच प्रती काढल्या.
सहावीला शाई कमी पडली,
म्हशीच्या पोटात पहाटेसारखं काहीतरी करडं उतरलंय.
फाडायला घेतली होती.
आता दोरीवर आहे. बघू.