डाग काढणे

पहिल्या वर्षाला आमच्या वाट्याला आलं
प्लास्टरचं एक डोकं.
कुठल्याशा परदेशी देवाचं, म्हणे;
नाव धड कुणालाच माहीत नाही.
शिपाई श्रीपाल त्याला 'पाव्हणा' म्हणतो.

पाव्हण्याच्या नाकावरून, या गालाकडून त्या गालाकडे
एक मातकट रेघ जाते.
त्या साली कृष्णा इथवर चढली होती.
रेघेच्या वर तो पांढरा आहे,
खाली चहात बुडवलेल्या बटरासारखा.

मगदूम सर म्हणाले, डाग काढू नका.
उजेड कुठून येतो ते बघा. डोळे बारीक करा,
नको ते आपोआप जातं.

मी डोळे बारीक केले.
खिडकी गेली. ऐनुद्दीनची गुणगुण गेली.
नाक गेलं, ओठ गेले.
रेघ तेवढी राहिली.

आमच्याकडे डाग काढ म्हणजे घास, पूस, घालव.
आईनं भिंतीवरचा असा तीनदा काढला, चुना देऊन,
तरी दर श्रावणात तो पोपड्यांतून वर येतो.
सांगलवाडीच्या आमच्या खोलीत
रेघेच्या वर लग्नाचा फोटो, रेशनकार्ड, माझे रंग;
खाली भिजलं तरी चालेल असं सगळं.
तेव्हा ती माझ्या डोक्यावरून जायची.
आता खांद्याला लागते.

इथलं काढणं वेगळं.
यलो ऑकर घेतला, त्यात अंबर, त्यात उसना पांढरा
(पांढऱ्याची मोठी ट्यूब वर्गात दोघांकडेच आहे).
जमेना. विटेचा रंग झाला, मग गुळाचा.
ऐनुद्दीनचे अब्बा मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे रंगवतात;
तो न बघताच म्हणाला, चिमूटभर हिरवा टाक,
पाणी बरेच दिवस राहिलं होतं ना.

टाकला.
आणि तो वास आला, शपथ,
टर्पेंटाइनच्या खालून,
फुगलेल्या दारांचा, भिजल्या ज्वारीचा.

सर मागे येऊन उभे राहिले.
बराच वेळ.
मग विचारलं, तुमच्याकडे किती होतं?
मी ब्रशसकट हात खांद्यापाशी नेला.
ओढणीला रंग लागला.
त्यांनी स्वतःच्या छातीशी तळहात आडवा धरला, क्षणभर,
आणि म्हणाले, हनुवटीखाली सावली काळी झालीय.
सावली काळी नसते. खरवडून काढ.

दहापैकी सहा.

पाचला श्रीपाल येतो, पाव्हण्याला काखोटीला मारतो,
स्टूल ओढून
कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतो.
अजून तर मार्चच आहे, मी म्हणते.
असू दे, म्हणतो.