निरंक

दर बुधवारी साडेदहाला
एस्तेरबाई उजगरे गेटातून आत येतात.
पहिल्यांदा आल्या तेव्हा मी पिशवी उलटी करून झटकली.
चष्म्याची डबी, पाण्याची बाटली, रुमाल.
बायबल नाही, पेटी नाही, फोटो नाही, प्रसाद नाही.
शेंगेचं एक टरफल पडलं फरशीवर,
ते त्यांनी वाकून उचललं आणि परत पिशवीत टाकलं.

साहेब म्हणाले, म्हेत्रे, तू बसायचं तिथं.
कोण काय बोलतंय ते रजिस्टरात आलं पाहिजे.
मी रकाने आखले लाल शाईनं:
वेळ. हजर संख्या. बोलणाऱ्याचं नाव. विषय.

आठ कैदी, एक सतरंजी.
बाई म्हणाल्या, बसू या,
आणि बसल्या.
मी पेन उघडून तयार.
पाच मिनिटं. वीस मिनिटं.
कुणी खोकलं. (हे लिहायचं का?)
मार्चचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं,
आणि लांब भटारखान्यात
कुणीतरी कणीक आपटत होतं परातीत.
अठरा वर्षं झाली मला या भिंतीत,
कणकेचा आवाज कधी ऐकला नव्हता.

तासानं बाईंनी शेजारच्याचा हात हातात घेतला,
त्यानं त्याच्या शेजारच्याचा,
असा फिरत फिरत तो हात माझ्यापर्यंत आला.
माझ्या हातात पेन होतं. बरं झालं.

बोलणारे: निरंक. विषय: निरंक.
साहेबांनी वाचलं आणि विचारलं,
म्हेत्रे, झोपला होतास का?

तिसऱ्या बुधवारी गेटात थांबवून विचारलं,
बाई, तुम्ही ख्रिस्ती ना, मग प्रार्थना का म्हणत नाही?
म्हणाल्या, चालूच असते की.
आम्हाला क्वेकर म्हणतात लोक,
आम्ही एकमेकांना नुसतं मित्र म्हणतो.
सोलापुरात किती आहात?
त्यांनी बोटांवर मोजलं.
बुधवारी नऊ.
मग माझ्याकडं बघून,
दहा धरा हवं तर.

येमुलला ती शांतता सोसायची नाही.
बावीस वर्षं पॉवरलूमवर, दोन्ही कान निम्मे गेलेले,
पण डोक्यात माग अजून चालू.
सगळे गप्प झाले की त्याचा डावा पाय
खटक खटक हलायचा सतरंजीवर.
सातव्या बुधवारी पाय थांबला.
आधी तेलुगूत काहीतरी म्हणाला, मग मराठीत,
कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं:

दोरा तुटला की माग थांबवायचा असतो.
मी थांबवला नाही.

आणि थोड्या वेळानं,
नागमणी.

ती विड्या वळायची. फायलीत आहे सगळं,
वय, पत्ता, जखमांची संख्या.
त्याच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं,
कोर्टातसुद्धा तो "माझी बायको" म्हणायचा.

कुणी काही बोललं नाही.
बाईंनी मानसुद्धा हलवली नाही.
ते नाव तसंच राहिलं मधोमध,
आणि आम्ही दहा जण त्याच्याभोवती,
कुणीतरी निजलेलं असावं तसे.

बोलणाऱ्याचं नाव. विषय.
रकाना एवढाच, दोन बोटं रुंद.
अठरा वर्षांत मी रजिस्टरात खोटं लिहिलं नाही,
दोनदा सांगूनसुद्धा.
त्या दिवशी लिहिलं, निरंक,
आणि पेनाला टोपण लावलं.
हात आला तेव्हा तो येमुलचा होता.
तर्जनीच्या पेरावर दोऱ्यानं पाडलेली खाच,
माझ्या बोटाला लागली.

माझ्याजवळही एक वाक्य आहे.
घरच्या भाषेत, कन्नडमध्ये.
दर बुधवारी ते घशापर्यंत येतं
आणि बघतं, मी गणवेशात आहे.

संध्याकाळी बंदीच्या आधी गिनती.
ओळीनं मोजत येतो, तोंडातल्या तोंडात,
येमुलपाशी आलो
आणि आकडा विसरलो.
साहेब बघत होते.
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.