पाच नंबरचं मशीन

तासगावच्या बेदाणा सौद्याच्या शेडमध्ये
सात संगणक होते, सातही वेगवेगळ्या वेळेत.
भिंतीवरच्या आठव्या घड्याळाला कुणी धरत नव्हतं,
ते दिवाळीपासून पावणेतीनवर बसून होतं.

मला बोलावलं ते भांडणामुळे.
एकच लॉट, एकच भाव, किलोला दोनशे अठरा,
दोघांनी बटण दाबलेलं, आणि नियम असा
की ज्याची वेळ आधीची, त्याचा माल.
पण कुणाच्या घड्याळातली?

खोक्यांच्या चळतीवर लॅपटॉप मांडला.
गंधकाच्या धुरीचा वास
कीबोर्डच्या फटींत जाऊन बसला.

एका सर्व्हरला मुख्य केलं. पत्र्यावर पाय जपत
त्याचा अँटेना आभाळाकडे तोंड करून लावला.
बाकीच्यांना शिकवलं: त्याला विचारत जा, किती वाजले,
आणि प्रश्न जाऊन उत्तर येईतो गेलेला वेळ
मोजून निम्मा करा.
सगळं काम या निम्म्यावर उभं आहे:
जायला जितका, यायलाही तितकाच.

मी सांगलीहून येते. सकाळी चाळीस मिनिटं.
संध्याकाळी कवठेएकंदला उसाच्या ट्रॉल्या आडव्या,
सव्वा तास.

पाच नंबरचं मशीन चार सेकंद मागे निघालं.
आतला बटणाएवढा सेल मेलेला.
त्यावर वर्षभर आप्पासो खाडे बसायचे,
जाड भिंगांचे, एका बोटाने टाइप करणारे.
बरोबरी झाली की माल त्यांचाच.
बाजार म्हणायचा, आप्पांचा हात फळता आहे.
तेही शुक्रवारी त्या खुर्चीला उदबत्ती ओवाळायचे.

जुन्या नोंदी चाळल्या. मार्चपासून एकतीस लॉट.
त्यांतले नऊ पायगोंडा मगदुमांचे असायला हवे होते.
नऊ, असं एका कागदावर लिहिलं,
घडी केली, पर्समध्ये टाकली.
मला कुणी तेवढं विचारलं नव्हतं.
दोनशे अठराचं भांडण तर समितीने
निम्मं-निम्मं करून केव्हाच मिटवलं.

घड्याळ एकदम पुढे ढकलता येतं, पण ढकलू नये.
मधले चार सेकंद मग घडलेच नाहीत, असं होतं.
प्रत्येक सेकंद किंचित आखूड करायचा,
इतका, की कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये.
चार सेकंद भरून यायला सव्वादोन तास लागले.
तेवढ्यात हमालांनी एक ट्रक भरला,
आणि आप्पांनी मला मूठभर बेदाणा दिला,
लांबट, हिरवा, वरच्या प्रतीचा.

आठवड्याने फोन आला. समितीचा नाही, आप्पांचा.
"बाई, माझ्या मशीनला काय केलंत?
बरोबरीत एक लॉट लागंना झालाय."
म्हटलं, सेल बदलला. पस्तीस रुपयांचा.

पलीकडे कुणीतरी भाव पुकारत होतं.
मग आप्पा हळूच म्हणाले,
"जुना टाकला नसला, तर मला आणून द्या की."

तो पर्समध्येच होता,
घडी केलेल्या कागदाच्या आत.