तिसरं डोकं

मला मोजता येत नव्हतं
तेव्हापासून मी मोजला जातोय.

सकाळी साडेसहाला आई
सेनायनच्या वळणाअलीकडे उभी असायची,
जिथून नियम सुरू व्हायचा तिथे.
बाटिकच्या स्लेंदांगमध्ये मी, खांद्यावर गाठ,
आणि रस्त्याच्या दिशेने उचललेली दोन बोटं.
एक बोट म्हणजे एकटं माणूस.
दोन बोटं म्हणजे मायलेक.

गाडीत तीन डोकी असतील तरच मोठा रस्ता,
एवढाच नियम.
साहेबांकडे गाडी होती, एसी होता, घाई होती,
डोकी तेवढी कमी पडायची.
ती आमच्याकडे होती.

काच चार बोटं खाली यायची.
"बाळ धरतात का मोजणीत?"
"धरतात, पाक. पोलीससुद्धा धरतात."
मग दार उघडायचं
आणि थंडगार, लिंबाच्या वासाचा एक तुकडा
आम्हाला पाच किलोमीटर भाड्याने घ्यायचा.

आई सीटला कधी पाठ टेकायची नाही.
मी मोठा झाल्यावर विचारलं, का गं?
म्हणाली, डाग पडला तर.

पलीकडच्या टोकाला उतरलो
की नोट तिच्या हातात पडायची,
आणि परत यायला कोपाजाची बस :
दार बांधलेलं, कंडक्टर पायरीवर लोंबकळलेला,
हातातली नाणी खुळखुळवणारा.
जाताना रस्ता आम्हाला पैसे द्यायचा,
येताना काढून घ्यायचा.
मधे जे उरेल त्याचा भात.

कधीकधी धाड पडायची.
बू वार्सिहची एक चप्पल नाल्यात गेली,
दुसरी तिने धावताना हातात धरली होती,
का ते तिलाही सांगता आलं नाही.
आईला दोनदा पकडलं.
त्या व्हॅनमध्ये मात्र
किती डोकी कोंबायची याला नियम नव्हता.

सातव्या वर्षी मी स्लेंदांगमधून पायांवर आलो,
दोन खांब सोडून
माझं स्वतःचं बोट घेऊन उभा राहिलो.
आई एकाची झाली.
तिचा भाव उतरला.

मग एका एप्रिलमध्ये नियमच गेला.
आठवडाभर करून बघू, म्हणाले,
आणि आठवडा काही संपला नाही.
आई तरीही जायची. सवयीने. बोट वर.
समोरून गाड्याच गाड्या,
प्रत्येकीत एकच डोकं, तेही फोनमध्ये.
नेहमीचे पाक हार्दोनो थांबले,
काच पूर्ण खाली केली, पहिल्यांदाच,
आणि म्हणाले, "आता नको, बू रुकोया,"
जशी ती मासे विकायला आली होती.
त्यांना तिचं नाव माहीत होतं
हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता त्याच रस्त्याच्या पोटात मेट्रो आहे.
मला तिथे तीन महिन्यांचं कंत्राटी काम मिळालं,
सेतियाबुदीला, सरकत्या जिन्यापाशी,
हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र.
एक डोकं, एक टिक.
कडेवरची मुलं धरायची नाहीत, असं लेखी आहे.
माझा अंगठा दोनदा दाबतो.
संध्याकाळी गेटचा आकडा आणि माझा आकडा जुळत नाही.
सुपरवायझर म्हणतो, जैलानी,
तुझ्याकडे माणसं जास्त कशी येतात?

पहिल्या पगाराला आईला बसवलं.
बोगद्यात ती काचेत स्वतःकडेच बघत होती.
सेनायन आलं तेव्हा मी वर बोट केलं :
इथेच. आपण इथेच, वरती.
तिने छताकडे पाहिलं,
वर कोणी उभं असेल असं.
प्लास्टिकची सीट, पुसली की साफ,
तरी पाठ ताठच.

मग गाडी जमिनीबाहेर आली, उजेड आला,
ब्लोक एमला उतरलो.
गेटवर तिने कार्ड लावलं,
पडद्यावरचा आकडा कमी झाला
आणि ती तिथेच थांबली. मागे रांग लागली.
"उतरताना," तिने विचारलं,
"आपण द्यायचे?"