डावा कान

आमच्या घरात बाबांच्या डाव्या हाताला
फक्त पाण्याचा तांब्या असतो.
बोलायचं असेल त्यानं उजवीकडे बसायचं,
भांडायचं असेल त्यानंही.

आज मेयोतल्या ऐकण्याच्या खोलीत
मीच त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला.
काचेपलीकडे उरकुडा नागपुरे, वय चौसष्ट,
केसांना तेल, चपला दाराबाहेर काढलेल्या.
"आवाज आला की बोट वर करा."
हे त्यांना शिकवावं लागत नाही.
कन्हानच्या पुलाखाली एक बोट म्हणजे
झिंगा दिसला, थांब, पाणी गढूळ करू नको.

व्यवसाय? मी फॉर्मवरून विचारते,
जणू मला माहीत नाही.
"मजूर लिही."

मजूर लिहिते.
डालड्याच्या डब्याचा पत्रा, खिडकीची काच आणि डांबर,
असा जुळवलेला पाण्यातला चष्मा
लिहायला रकाना नाही.
सायकलच्या ट्यूबचं रबर, घासून घासून केलेली सळाख,
टोकाशी उलटा काटा.
शिंगीनं अंगठ्यात टोचलं की काखेपर्यंत चढणारी कळ;
आई मध्यरात्री पाणी तापवायची,
सोसवेल तेवढ्या गरमात हात बुडवून
बाबा तिच्याकडे न बघता
मरळीचा भाव सांगत बसायचे.
आणि तुकडू, जो दम धरण्यात सगळ्यांचा बाप होता,
कमरेएवढ्याहून थोड्याच खोल पाण्यात
झोपल्यासारखा सापडला.
चेहऱ्यावर धडपडीची रेघ नाही.

"डावा कधीपासून?"
ते काचेकडे बघतात. मग कागदाकडे.

"सर्दी होती. झिबल म्हणे, आज नोको जाऊ.
नाक दाबून हवा मारली, उजवा उघडला,
डावा नाही. तरी गेलो ना मी.
खांबाच्या दगडात बसून होता तो,
निळ्या नांगीचा, हाताएवढा."

मग कानात फाटलं काहीतरी,
कोऱ्या मांजरपाटासारखं,
आणि थंड पाणी डोक्यात शिरलं.
पूल फिरला. खांब आडवे झाले.
बुडबुडे वर जातात एवढं त्यांना ठाऊक होतं,
पण बुडबुडे कुठे जात होते तेच कळेना.
ताणलेलं रबर मुठीतून केव्हा सुटलं
ते आजही सांगता येत नाही.
सळाख झिबलच्या पोटरीत. आरपार.

त्या झिबलनं, पायात सळाख घेऊन,
माझ्या बापाला केसांना धरून वर आणलं.
वाळूवर पडल्या पडल्या पहिलं बोलला तो,
"काढू नोको बे, काटा उलटा हाये."

दुपट्ट्यात गुंडाळलेली सळाख
टेम्पोच्या फळीवर कामठीपासून इथवर थरथरत आली.
डॉक्टरला सांगितलं, बांधकामावर पडला.
पोलिसालाही तेच.
चौदा टाके, झिबलचे.
कानाचं कोणी विचारलं नाही
आणि पोटरीपुढे कान कसा दाखवायचा?
तीन दिवस उशीवर तांबूस डाग पडत होता.
आई खोळ बदलत राहिली.

मी डावीकडचा आवाज वाढवत नेते.
साठ. सत्तर. नव्वद.
बोट गुडघ्यावर स्वस्थ.
कागदावर उजवी रेघ काठाकाठानं चालते,
डावी डोहात उतरते, वर येत नाही.

"उजव्याला जपा. डाव्याला मशीनही चालेल की नाही, शंकाच आहे."
"केवढ्याची असते?"
आकडा ऐकून हसतात.
"पायाची भेटते का एखादी? झिबलसाठी पाह्यजे होती."

ड्यूटी संपल्यावर बसमध्ये
त्यांनी डावीकडची खिडकी धरली,
तो कान रस्त्यावरच्या हॉर्नांना देऊन टाकला
आणि उजवा माझ्यासाठी राखून ठेवला.
इंदोरा गेलं. ऑटोमोटिव्ह चौक गेला.
मी काहीच बोलले नाही.
ते मान थोडी माझ्याकडे कलती ठेवून
तसेच बसून होते.